संगणकाची किल्ली कुणाच्या खिशात?
मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या संमेलनांकडे व्यापारी-कारागीर बांधवांनी का वळावे

भिवंडीचा यंत्रमाग कारखानदार असो, मालेगावचा सूत व्यापारी असो, मदनपुऱ्यातला जरीकामाचा ठेकेदार असो की एखाद्या तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका छापणारा मुद्रक असो, संगणकावाचून आज कुणाचेच चालत नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि ज्यांनी तोवर लाल वहीवर भागवले होते, त्यांनाही संगणक घेणे भाग पडले. संगणक आपण पैसे मोजून घेतला, त्याची पावतीही आपल्या नावाची आहे. पण त्या संगणकाच्या आत जे चालते, म्हणजे हिशेबाचे, नक्षीचे, छपाईचे सॉफ्टवेअर, ते कुणाचे आहे? हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी विचारला असेल?

खरी परिस्थिती सर्वांना ठाऊक आहे, फक्त कुणी बोलत नाही. संगणक विकणारा मुलगा दुकानात येतो, खिशातून पेन ड्राइव्ह काढतो आणि अर्ध्या तासात सारे काही 'टाकून' देतो. बिल फक्त संगणकाचे होते. सॉफ्टवेअर चोरीचे आहे हे देणाऱ्यालाही माहीत असते आणि घेणाऱ्यालाही. कायद्याने याची शिक्षा काय आहे, हे मात्र दोघांनाही माहीत नसते. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३-ख असे सांगते की, संगणकाच्या प्रोग्रामची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि किमान ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर केलेला नसेल तर कैद माफ करण्याची मुभा न्यायालयाला आहे. दुकानदाराला ही मुभा मिळत नाही, कारण त्याचा वापर धंद्यासाठीच असतो. हलाल कमाईचा हिशेब आपण ज्या यंत्रावर लिहितो, ते यंत्र दुसऱ्याच्या हक्काच्या मालावर चालावे, ही गोष्ट कायद्याच्या पलीकडेही टोचणारी आहे.

अस्सल माल विकत घ्यावा, हा सरळ मार्ग. पण तोही पूर्वीइतका सरळ राहिलेला नाही. एकदा पैसे भरले की सॉफ्टवेअर कायमचे आपले, ही पद्धत अनेक कंपन्यांनी बंद केली. आता दरमहा किंवा दरसाल भाडे आहे. भाडे थकले की आपणच तयार केलेली नक्षी आपल्यालाच उघडता येत नाही. अशा वेळी तिसरा मार्ग म्हणून मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे नाव घेतले जाते. त्याचे जाणकार जिथे एकत्र जमतात त्या संमेलनांची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

फुकट आणि मुक्त

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाने फुकट आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ निघतात आणि त्यामुळे मोठा घोटाळा होतो. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत आणि उर्दूतही मुफ्त वेगळे, आझाद वेगळे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बहुतेक वेळा मुफ्त मिळते, पण त्याचे खरे मोल ते आझाद असण्यात आहे. त्याचा मूळ आराखडा सर्वांसाठी खुला असतो. तो पाहावा, आपल्या गरजेप्रमाणे बदलावा, दुसऱ्याला द्यावा, त्यावर धंदा करावा, या सर्वांची लेखी परवानगी त्याच्या परवान्यातच असते.

विणकर बांधवांना हे चटकन समजेल. फ्रान्समधील लियाँ शहराच्या जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पत्त्यांवर चालणारा माग पुढे आणला. आपण ज्याला जॅकार्ड म्हणतो तो हाच. पुढे संगणकांनीही हीच भोके पाडलेल्या पत्त्यांची युक्ती उचलली. जॅकार्डचे पत्ते ज्याच्या मागावर आहेत त्याला ते मोजता येतात, एखादा फाटला तर नवा पाडून घेता येतो, नक्षीत एक कोयरी वाढवता येते. उद्या कुणी म्हणाले की पत्ते तुमच्या मागावर राहतील पण पेटीत कुलूपबंद राहतील आणि किल्ली आमच्याकडे राहील, तर कोणता विणकर ते मान्य करील? संगणकाच्या बाबतीत मात्र आपण ते निमूटपणे मान्य केले आहे.

या चळवळीचा इतिहास थोडक्यात असा. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स याने १९९१ मध्ये 'लिनक्स'चा गाभा लिहून तो सर्वांना खुला केला. आज बहुतेकांच्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. म्हणजे आपण मुक्तस्रोत वापरतच आहोत, फक्त दुकानाच्या गल्ल्यापर्यंत ते पोचलेले नाही.

संमेलने कुठे आणि कशी

आपल्या देशात या संमेलनांची परंपरा बंगळूरहून सुरू झाली, असे म्हणायला हरकत नाही, आणि तिच्या मुळाशी एक मराठी नाव आहे. अतुल चिटणीस यांचा जन्म जर्मनीतला आणि अभियांत्रिकीचे शिक्षण बेळगावचे. १९९६ च्या सुमारास त्यांनी 'पीसी क्वेस्ट' या मासिकाबरोबर लिनक्सची सीडी वाचकांच्या हाती दिली. इंटरनेट दुर्मीळ असलेल्या त्या काळात देशातल्या हजारो तरुणांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिले ते त्या सीडीवर. पुढे २००१ पासून 'लिनक्स बंगलोर' हे संमेलन भरू लागले, २००५ मध्ये त्याचे नाव 'फॉस डॉट इन' झाले आणि २०१२ पर्यंत ते चालले. चिटणीस यांचे जून २०१३ मध्ये निधन झाले. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत 'ग्नूनिफाय' नावाचे संमेलन २००३ पासून कित्येक वर्षे भरत असे आणि त्यात पुण्याच्या लिनक्स वापरणाऱ्यांच्या गटाचा मोठा हात होता. अलीकडे २०२० मध्ये स्थापन झालेल्या 'फॉस युनायटेड' या संस्थेने हे काम पुढे नेले आहे. तिचे 'इंडिया फॉस' हे वार्षिक संमेलन बंगळूरच्या निम्हान्स सभागृह-संकुलात २०२४ मध्ये ७ आणि ८ सप्टेंबरला, तर २०२५ मध्ये २० आणि २१ सप्टेंबरला भरले. मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत या संस्थेचे लहान मेळावेही होत असतात.

अशा संमेलनात होते तरी काय? व्यापारी प्रदर्शनाला आपण गेलेलो असतो. तिथे ठेल्यावर विक्रेता उभा असतो. माल कुणी बनवला, कसा बनवला हे त्याला ठाऊक नसते आणि त्याला ऑर्डर पाहिजे असते. मुक्तस्रोत संमेलनात ठेल्यामागे बहुधा तो माल बनवणाराच उभा असतो. त्याला ऑर्डर नको असते. त्याचे सॉफ्टवेअर कुठे अडखळते, हे त्याला ऐकायचे असते. आपण 'यात उर्दू अक्षरे तुटतात' असे म्हटले तर तो रागावत नाही, उलट कागद पुढे करतो आणि विचारतो, कोणती अक्षरे, दाखवा. हा फरक ज्याने एकदा अनुभवला त्याला बाकी काही समजावून सांगावे लागत नाही.

मोठ्या सभागृहात व्याख्याने चालू असतात. स्पष्टच सांगायचे तर त्यातली निम्म्याहून अधिक व्याख्याने व्यापाऱ्याच्या किंवा कारागिराच्या कामाची नसतात. ती प्रोग्रामर मंडळींनी प्रोग्रामरांसाठी दिलेली असतात, आणि तीही इंग्रजीत. त्यात बसून वेळ घालवू नये. आपल्या कामाची जागा म्हणजे कार्यशाळा, ठेले आणि चहाच्या टेबलाभोवतीची गर्दी. तिथे हिंदी चालते, आणि पुण्या-मुंबईत मराठीही. कॉलेजची मुले आणि नोकरदार हेच तिथे संख्येने जास्त, त्यामुळे एखादा कारखानदार आला की त्याच्याभोवती घोळका जमतो, कारण खऱ्या धंद्याची खरी अडचण घेऊन येणारा माणूस तिथे दुर्मीळ आहे.

आपल्या धंद्याला काय मिळेल

प्रथम हिशेब. मुंबईचे ऋषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा व्यवसाय होता. त्या व्यवसायाला बाजारातले तयार सॉफ्टवेअर नीट बसेना, म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. त्यातून 'ईआरपीनेक्स्ट' उभे राहिले. खरेदी, विक्री, साठा, उत्पादन, हिशेब हे सर्व त्यात आहे आणि ते मुक्तस्रोत आहे. ते बनवणाऱ्या 'फ्रॅपे' कंपनीनेच लहान दुकानदारासाठी 'फ्रॅपे बुक्स' हे इंटरनेटशिवाय चालणारे हिशेबाचे सॉफ्टवेअरही काढले. 'ग्नूखाता' हे आणखी एक, तेही मुंबईतच घडलेले. एका फर्निचरवाल्याच्या घरची अडचण आज देशोदेशीच्या कारखान्यांच्या उपयोगी पडते आहे, ही गोष्ट आपल्या कारखानदारांनी लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांनी अडचण सहन केली नाही, एवढेच.

आता कशिदाकारी. मुंबईत धारावी, गोवंडी, मदनपुरा या भागांत हाताच्या जरीकामाबरोबर संगणकावर चालणारी कशिद्याची यंत्रेही आली. या यंत्राला नक्षी टाके-टाके करून सांगावी लागते. या कामाला धंद्यात पंचिंग म्हणतात. पंचिंगचे परदेशी सॉफ्टवेअर इतके महाग असते की लहान कारखानदार नक्षी बाहेरून पंच करून आणतो. दर नक्षीमागे पैसे जातात आणि वर नक्षी दुसऱ्याच्या हाती जाते ती वेगळीच. आपली खास नक्षी ईदच्या आधीच शेजारच्या गल्लीत विकायला आली, ही तक्रार नवी नाही. 'इंकस्केप' या मुक्तस्रोत चित्रकामाच्या सॉफ्टवेअरला 'इंक-स्टिच' नावाची जोड आहे. तिच्यात नक्षी काढून टाक्याची दिशा, घनता, क्रम ठरवता येतो आणि यंत्राला लागणारी डीएसटी किंवा पीईएस फाइल काढता येते. महागड्या सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या सोयी यात नाहीत. जड भरीव काम, सिक्वेन्स वगैरे करणाऱ्याने आधी नमुना टाकून पाहावा. पण फुलबुट्टी, नावे, बोधचिन्हे, शाळेच्या गणवेशावरचे काम यासाठी ते पुरेसे आहे. शिंपीकाम करणाऱ्यांसाठी मापावरून कटिंगचा आराखडा काढणारी 'व्हॅलेंटिना' आणि तिच्यातूनच निघालेली 'सीम्ली-टूडी' आहे. लाकडावर किंवा पत्र्यावर जाळी कापणाऱ्या सुतार-लोहारांसाठी 'फ्रीकॅड' आणि यंत्र चालवणारे 'लिनक्स-सीएनसी' आहे.

मुद्रकांचा विषय थोडा सविस्तर घ्यावा लागेल, कारण लग्नपत्रिका, पोस्टर, मदरशाच्या पावत्या यांवर आपल्या कितीतरी घरांची चूल चालते. उर्दू छपाईत कातिबांचा जमाना गेला तो १९८१ मध्ये आलेल्या नूरी नस्तालीकने आणि नंतर १९९४ मध्ये दिल्लीत तयार झालेल्या इनपेजने. इनपेजने उर्दूवर उपकार केले, हे नाकारता येणार नाही. पण जुन्या इनपेजमध्ये केलेले काम दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ उघडत नाही, आणि मराठीच्या जुन्या फॉन्टांचीही तीच रडकथा आहे. फॉन्ट नसेल तर मजकुराचा नुसता कचरा दिसतो. मुक्तस्रोत जगात युनिकोड पद्धतीचे फॉन्ट परवान्यासह मिळतात. उर्दूसाठी 'नोटो नस्तालीक', 'अवामी नस्तालीक' आणि 'गुलझार' आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने 'मुक्ता' आणि 'बलू' हे फॉन्ट काढले. बलूची गंमत अशी की प्रत्येक लिपीला त्यांनी त्या-त्या लोकांत रुळलेली हाक दिली. गुजरातीत तो 'बलू भाई' झाला, पंजाबीत 'बलू पाजी' आणि उर्दूत 'बलू भाईजान'. हे फॉन्ट पत्रिकेत, पाटीवर, पुस्तकात वापरून ते काम विकायला पूर्ण परवानगी आहे. पानांची मांडणी करणाऱ्या 'स्क्रायबस'मध्ये पूर्वी उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीची सोय नव्हती. ती झाली त्यात ओमानमधील एका मुक्तस्रोत गटाचा मोठा वाटा आहे. ज्यांना गरज होती त्यांनीच बाह्या सरसावल्या आणि त्याचा लाभ आता मुंब्र्याच्या मुद्रकालाही घेता येतो.

मात्र डोळे उघडे ठेवून

या सॉफ्टवेअरची भलामण करणारे पुष्कळ भेटतील, म्हणून दुसरी बाजूही येथे नमूद करणे आवश्यक आहे. इंकस्केपमध्ये छपाईच्या चार रंगांचे काम अजून कच्चे आहे. रंगीत पत्रिका थेट त्यातून प्रेसला पाठवली तर रंग बदलून येण्याची शक्यता मोठी, म्हणून शेवटचा हात स्क्रायबसमध्ये फिरवावा लागतो. कोरलच्या जुन्या फायली उघडतात, पण सगळ्या जशाच्या तशा उघडत नाहीत. हिशेबाच्या बाबतीत तर अडचण सॉफ्टवेअरची नसून माणसांची आहे. मुनीम टॅलीवर शिकलेला, सीए टॅलीची फाइल मागणारा, मग एकट्या शेठने बदलून काय होणार? म्हणून एका रात्रीत काही बदलू नये. एक तिमाही दोन्हीकडे नोंदी कराव्यात, विवरणपत्राचे आकडे ताडून पाहावेत आणि मगच जुने बंद करावे.

आणि मुक्तस्रोत म्हणजे खर्च शून्य, असे कुणी सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. बसवण्याचे, शिकवण्याचे, बिघडले तर दुरुस्तीचे पैसे लागतातच. फरक एवढाच की हे पैसे परदेशी परवान्यापोटी न जाता आपल्याच गल्लीतल्या जाणत्या मुलाला मिळू शकतात. फ्रॅपेसारख्या कंपन्या जगतात त्याही याच कमाईवर. माल खुला ठेवायचा आणि सेवेचे दाम घ्यायचे. बिर्याणीची कृती साऱ्या मोहल्ल्याला माहीत असते, तरी लग्नाच्या देगेसाठी भटाऱ्याला पैसे मोजून बोलवावेच लागते, तसेच हे आहे.

या मुलांचा विचार करूनच प्रस्तुत लेखकाला या संमेलनांचे महत्त्व अधिक वाटते. संगणक दुरुस्तीची लहान दुकाने आपल्या वस्त्यांत बरीच आहेत. विंडोज १० ला मिळणाऱ्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्यांचा नियमित पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही. ग्राहकाला नवा संगणक घ्या म्हणणे सोपे आहे, पण तोच संगणक लिनक्स टाकून आणखी काही वर्षे चालवून देणे, ही एक कमाईची विद्या आहे. ती शिकवणाऱ्या कार्यशाळा अशा मेळाव्यांत होतात. जुना संगणक घेऊन जायचा आणि तिथल्या स्वयंसेवकांच्या मदतीने स्वतःच्या हाताने तो बदलून आणायचा. ज्यांना आधी घरी बसून शिकायचे आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य आहेत. घराबाहेर शिकायला जाणे ज्या मुलींना शक्य होत नाही, त्यांच्या तर ते विशेष उपयोगाचे आहेत. पंचिंग हे घरी बसून करता येणारे काम आहे, हेही त्यांच्या पालकांनी ध्यानात घ्यावे.

जायचे ठरवलेच तर

एकदम बंगळूरला जाण्याची गरज नाही. आधी मुंबई किंवा पुण्याच्या एखाद्या लहान मेळाव्याला जाऊन यावे. मोठ्या संमेलनाला बहुधा तिकीट असते आणि ते आधी काढावे लागते. इंडिया फॉस २०२४ आणि २०२५ मध्ये शनिवार-रविवारी भरले. पण दुसरे एखादे संमेलन शुक्रवारी असेल तर जवळची मशीद आणि जुम्याची वेळ आधीच विचारून ठेवावी, म्हणजे ऐन कार्यशाळेत चुळबुळ होत नाही. दोघांनी जावे हे उत्तम, एक धंदा जाणणारा आणि एक संगणक जाणणारा. वडील आणि मुलगा अशी जोडी असेल तर फारच छान. मुलाला यंत्र कळते आणि वडिलांना काय विचारायचे ते कळते.

रिकाम्या हाताने जाऊ नये. पेन ड्राइव्हवर आपली एक अडलेली डीएसटी फाइल, एक जुनी पत्रिका, नाव-गाव पुसलेले एक बिल न्यावे आणि ठेल्यावरच्या माणसाला म्हणावे, हे माझ्यासमोर करून दाखवा. ते जमले तर त्याला तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. परवाना कोणता आहे, माझी सगळी माहिती उद्या बाहेर काढायची झाली तर कोणत्या स्वरूपात मिळेल, आणि माझ्या गावात किंवा जिल्ह्यात हे जाणणारा कोण आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'कुणी नाही' असेच येते. सोबत नेलेल्या मुलाला त्या वेळी शेजारीच उभे करावे.

सॉफ्टवेअरमध्ये काही खटकले तर तेही तिथेच लिहून द्यावे. हमजा कुठे सरकतो, मराठीतले जोडाक्षर कुठे फुटते, पंचिंगमध्ये धागा कुठे तुटतो, हे बंगळूरच्या प्रोग्रामरला स्वतःहून कधीच कळणार नाही. ते ज्यांना रोज दिसते ते आपण आहोत. अशी तक्रार नोंदवायला शुल्क नाही, पदवी लागत नाही, आणि ती सुटली की तिचा फायदा मालेगावपासून मस्कतपर्यंत सगळ्यांना मिळतो.